दुपारचं हसणं

त्या वर्षी ढगांनी मिठागरावर जे ठाण मांडलं, ते उठायचं नाव घेईनात. पाऊस नाही आणि धड ऊनही नाही. वाफ्यांतलं खारं पाणी आज पिकेल, उद्या पिकेल म्हणून माणसं दांताळी घेऊन बांधावर बसायची आणि संध्याकाळी कोरडी दांताळी खांद्यावर टाकून घरी जायची. एरवी पंधरा दिवसांत वाफ्याच्या तळाशी मिठाचा थर धरायचा. यंदा वीस दिवस, बावीस दिवस, एकदा तर पंचवीस.

पाणी पिकलं की नाही हे सांगायचं काम चाखणबाईचं. वाफ्यात बोट बुडवायचं, जिभेला लावायचं आणि सांगायचं, अजून दोन दिवस, किंवा ओढा आता. चाळीस वर्षं ती हेच करत आली होती. मुकादमाकडे पाणी मोजायची काचेची नळी होती. पण नळीनं एक सांगितलं आणि चाखणबाईनं दुसरं, तर मुकादम गुपचूप नळी खिशात घाली. या गोष्टीचा बाईला भारी तोरा होता, आणि तो तिनं कधी लपवला नाही.

घरात ती, मुलगा, सून आणि शाळेत जाणाऱ्या दोन नाती. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मुलगा आणि सून एका वाफ्यावर जोडीनं काम करत. त्यानं या बांधावरून ओढायचं, तिनं समोरच्या, आणि मधोमध दोघांची दांताळी एकमेकांना न लागता भेटायची. ताल चुकला की दात खाली चिखलात घुसतात आणि मीठ राखाडी होतं. या दोघांचं मीठ सगळ्या आगरात पांढरं असे. लोक म्हणत, यांच्या दांताळ्यांचं लग्न लागलंय.

चाखणबाईला त्याचं कारण ठाऊक होतं. मिठागरात अकरा ते चार सुट्टी. एरवीच्या वर्षी त्या वेळात पांढऱ्यावर ऊन असं चमके की उघडा डोळा टिकत नसे. नाती शाळेत. जेवणं झाली की चाखणबाई फाटकी पोती आणि दाभण उचलून पंपाच्या खोलीमागे सावलीला जाऊन बसे. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं. काही वेळानं घराच्या पत्र्याआडून सुनेचं हसणं येई. आधी उचकी लागल्यासारखं एकदा, मग थांबून, मग मोकळं. बाई पोतं शिवता शिवता गालात हसे. चार वाजता मुलगा बाहेर पडे तेव्हा त्याची सकाळी धरलेली कंबर सुटलेली असे. सुनेचं डोकं दुखायचं थांबलेलं असे. शेजारणींना ती खुशाल सांगे, "वैद्याच्या तेलानं जे होत नाही ना, ते होतं. देवानं गरिबाला फुकटात दिलेलं एवढंच एक औषध आहे." शेजारणी पदर तोंडाला लावत आणि आणखी ऐकायला सरकून बसत.

हे हसणं बिनघोर होतं ते नर्सबाईच्या सुईमुळे. दर तीन महिन्यांनी दंडावर एक सुई. चार वर्षांपूर्वी सुनेचं तिसरं बाळंतपण झालं ते शहरातल्या दवाखान्यात, आणि झालं असं तरी कसं म्हणावं. मूल मेलेलं आलं आणि आई जायची राहिली. पिशवी फाटली होती. डॉक्टरांनी ती शिवली आणि हात धूत बाहेर येऊन सांगितलं, "पुन्हा दिवस गेले तर मी वाचवू शकणार नाही. कुणीच वाचवू शकणार नाही. आत्ताच कायमचा बंदोबस्त करून टाकतो. सही करा."

सून शुद्धीत नव्हती. मुलानं आईकडे पाहिलं. आणि आई म्हणाली, "माझ्या सुनेला कापू द्यायची नाही मी."

ती असं का म्हणाली हे मुलाला माहीत होतं, म्हणून त्यानं सही केली नाही. सुनेला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला एवढंच सांगितलं होतं की सुई घ्यायची, चुकवायची नाही.

आणि चुकवली नव्हती. नर्सबाईनं तारखांचं कार्ड दिलं होतं, पण खाऱ्या हवेत ते पहिल्याच वर्षी लगदा झालं. "कागदाचं काय घेऊन बसलीस," चाखणबाई सुनेला म्हणाली होती, "माझं मीठ चुकत नाही. सहा मिठं ओढली की तीन महिने." पावसाच्या दिवसांत ती चंद्रावर हिशेब ठेवी, पण काम सुरू झालं की तिचा विश्वास चंद्रापेक्षा पायाखालच्या मिठावर. चार वर्षांत एकदाही गफलत झाली नाही.

सहावं मीठ ओढून झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी ती सुनेला घेऊन दवाखान्यात गेली. मुलगा टोपी हातात घेऊन दाराबाहेर उभा राहिला.

"किती उशीर केलात," नर्सबाई म्हणाली.

"उशीर कसला? सहावं मीठ परवा निघालं. आज आलो."

नर्सबाईनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिल टेकवली आणि पानं मागे उलटत मोजत गेली. पेन्सिल थांबेना तशी चाखणबाई चुळबुळायला लागली.

"अठरा आठवडे झाले, आजी. सुई तेरा आठवड्यांची."

"असं कसं होईल? सहा मिठं म्हणजे तीन महिने. चार वर्षं…"

"आई," सून हळूच म्हणाली, "मीठ यंदा कुठं वेळेवर पिकतंय?"

मीठ रखडलंय, मीठ रखडलंय, असं चाखणबाई हंगामभर साऱ्या आगराला सांगत फिरली होती. स्वतःला तेवढं सांगायचं राहिलं होतं.

"बरं, चुकलं माझं. आता द्या."

नर्सबाईनं कोपऱ्यातल्या कपाटाकडे बोट केलं. काचेचं दार, कडीला दोरी, दोरीच्या गाठीवर लाखेचा शिक्का. आत बाटल्यांची रांग स्वच्छ दिसत होती.

"तीन आठवड्यांपूर्वी माणसं आली आणि बंद करून गेली. सुया, गोळ्या, पाकिटं, सगळं. वरचं धोरण आहे. माणसं कमी पडायला लागलीत म्हणे, कामाला तरुण हात नाहीत. मी रोज इथं बसून त्या बाटल्यांकडे बघते."

"म्हणजे वेळेवर आलो असतो तर…"

"तर मिळाली असती." नर्सबाई वाईट नव्हती, खरं बोलली एवढंच. मग तिनं सुनेची तपासणी केली. तपासायच्या पट्ट्या मात्र खोकी भरभरून आल्या होत्या, कारण गरोदर बाईची नोंद लवकर हवी होती. पट्टीवर एकच रेघ उमटली.

"आज काही दिसत नाही. पण इतक्यात दिसणारही नाही. या पाच आठवड्यांत शेवटचं कधी…?"

सुनेनं जमिनीकडे पाहिलं. "परवासुद्धा."

इतर कुठल्याही दिवशी चाखणबाईला हसू आलं असतं.

"मग चार आठवडे एकमेकांपासून लांब राहा आणि पुन्हा या. सुईनं पाळी तशीही बंद असते, त्यावरून काही कळायचं नाही. पट्टी सांगेल तेच खरं."

त्या संध्याकाळी मुलानं आपली वळकटी उचलली आणि वाफ्यांजवळच्या खोपीत नेऊन टाकली. तो झोपणार तिथेच, दुपारीही आणि रात्रीही. आईशी तो एक शब्द वाकडा बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी घरात चाखणबाई आणि सून अशा दोघीच. पंपाच्या खोलीमागे जायचं कारण उरलं नव्हतं. बाई घरातल्या मधल्या फळीच्या आडोशाअलीकडे पडून राही आणि पलीकडे सून कूस बदले. ते कूस बदलणं बाई मोजत राही. या बाईच्या पोटात आत्ता काही धरलंय का? धरलं असेल तर तिच्या हाताशी किती महिने उरले? पोट केव्हा दिसायला लागेल, पिशवीचा टाका कोणत्या महिन्यात उसवेल? वाफ्यातलं पाणी जिभेवर ठेवून आतलं मीठ सांगणारी बाई, पण सुनेच्या बाबतीत तिला काही म्हणजे काही सांगता येत नव्हतं.

आणि मग जुनं सगळं वर यायला लागलं.

ती तेवीस वर्षांची होती. मोठा मुलगा पाच वर्षांचा, धाकटा अंगावर पीत होता. सकाळी ट्रक आला. तेव्हाही धोरण होतं, उलटं. माणसं फार झालीत, दोन पुरेत. ट्रकच्या फळीवर एक तरुण पुढारी उभा होता, पांढरे कपडे, आवाज गोड. चाळीस बायका भरून नेल्या. शाळेच्या वर्गात सतरंज्यांवर ओळीनं झोपवल्या. तिच्या डाव्या बाजूची बाई सारखी विचारत होती, "माझं झालं का गं?" आणि तिचं केव्हाच झालेलं होतं. परत पाठवताना प्रत्येकीला एक पत्र्याची बादली दिली. त्यावरून लोकांनी त्या पुढाऱ्याचं नाव बादलीसाहेब ठेवलं, अर्थात पाठीमागे.

कुणाला सांगितली नाही अशी एक गोष्ट तिच्यापाशी होती. त्यानंतरचं वर्ष तिच्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं गेलं होतं. दिवस जायची भीती गेली आणि नवरा-बायको दुपारच्या सुट्टीत पोरांसारखी हसायला लागली. तिला तेव्हा कळलं की हे एवढं गोड असतं, आजवर भीतीनं आपण चव घेतलीच नव्हती. वर्ष सरलं आणि धाकटा तापानं गेला. दुसरं मूल होणं आता शक्य नव्हतं. त्या हसण्याचीच ही शिक्षा, असं तिच्या मनानं घेतलं. नवऱ्यानं पुन्हा जवळ यायला बघितलं तेव्हा तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं ते बरीच वर्षं फिरवलेलं राहिलं.

आता ढगाळ दुपारी ती बांधावर बघे तेव्हा तो धाकटा चालताना दिसे. तीन वर्षांचा, उघडा, हातात काडी. ढगांमुळे त्या दिवसांत कुणालाच सावली नव्हती, त्यामुळे कोण जिवंत आणि कोण नाही हे ओळखायचं साधनच राहिलं नव्हतं. ती डोळे चोळी. मग तो नसे. एकदा तिनं सातवा वाफा चाखायला बोट बुडवलं आणि जिभेला रक्ताची चव लागली. ती थुंकली आणि तिनं पुन्हा चाखलं. मीठच होतं. पण त्या दिवशी तिनं मुकादमाला "नळी लावून बघा" म्हटलं, आणि मुकादम तिच्याकडे बघतच राहिला.

मुलाचा आणि सुनेचा ताल सुटला होता. तो जोरात ओढी, ती मागे राही. दात चिखलात जात. एकमेकांशी बोलणं म्हणजे "सरक", "उचल", "दिसत नाही का" एवढंच. सुनेचं डोकं पुन्हा दुखायला लागलं, कपाळावर फडकं घट्ट बांधून ती कामाला येई. मुलगा सकाळी खोपीतून बाहेर येई तो कंबर धरूनच. एका सकाळी मुकादमानं त्यांचा ढीग पायानं उकरला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "हे मीठ आहे की चुलीतली राख? पाण्यात लोटा." दोघांनी आठ दिवसांचं काम मान खाली घालून परत पाण्यात लोटलं. फावडी टाकून मुलगा शहराकडच्या दुकानात गेला, फडताळाखाली पाकिटं ठेवतात असं ऐकलं म्हणून. दुकानदारानं भर गिऱ्हाइकांत विचारलं, "देशाशी बेइमानी करायला आलास होय?" माणसं हसली. तो तसाच परत आला.

तेव्हा चाखणबाईनं लुगडं बदललं आणि ती बादलीसाहेबांकडे गेली. ऑपरेशनला आता सरकारी मंडळाची परवानगी लागत होती, आणि मंडळाकडे अर्ज जायचा तो त्यांच्या सहीनं.

ओसरीवर दीड तास बसल्यावर आत बोलावलं. साहेब सत्तरी ओलांडलेले, आवाज मात्र तसाच गोड. त्यांनी तिला ओळखलं नाही. चाळीसजणींत कोण ओळखणार.

"घरात मुलं किती?" त्यांनी विचारलं.

"दोन मुली. तिसरं मेलेलं आलं. डॉक्टर म्हणाले चौथ्याला ही वाचत नाही."

"तीन असल्याशिवाय अर्ज घ्यायचा नाही असा नियम आहे, बाई."

"तीनच झाली की."

"मेलेलं धरत नाहीत."

चाखणबाईनं पदर सावरला. मग म्हणाली, "माझ्या वेळी दोन झाली म्हणून ट्रकात घातलं होतंत. तुम्हीच फळीवर उभे होतात. त्यातला एक नंतर गेला. तोही कुणी धरला नाही."

साहेबांनी चष्मा काढला. तिला वाटलं आता लाजतील, किंवा रागावतील. पण त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू वेगळंच काही उमललं. पाणी पिकलंय असं दिसल्यावर मुकादमाचा चेहरा होतो तसं.

"तेव्हाची चूकच होती ती," ते म्हणाले. "आम्ही तेच तर सांगतोय आता. बाई, येत्या रविवारी दुपारी मेळावा आहे. मातांचा. तुमची हकीकत तुम्ही लोकांना सांगा. जशी मला सांगितलीत तशी. ते झालं की अर्जाचं बघू आपण. विशेष बाब म्हणून."

घरी येताना तिला समजत होतं की हे उलटं आहे. ऑपरेशन वाईट असं सांगायचं आणि त्या बदल्यात ऑपरेशन मागायचं. पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी. जीव सुनेचा होता आणि चूक आपली होती. रविवारी ती गेली.

शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. आगरातल्या सगळ्या बायका आणल्या होत्या, सूनही त्यांच्यात मागे उभी होती. ज्यांना पाच-सहा मुलं होती त्यांचे सत्कार झाले. एकीला तर उभं राहवत नव्हतं, तिला दोघींनी धरून वर आणली. मग चाखणबाईला बोलावलं. माईक तोंडापुढे आला आणि साहेब बाजूला उभे राहून एकेक विचारत गेले.

तिनं ट्रक सांगितला. सतरंज्या सांगितल्या. धाकट्याचा ताप सांगितला, तो शेवटी पाणी मागत होता ते सांगितलं. पटांगणात हुंदके सुरू झाले. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं तर तिला थांबता येईना. आवाज फाटला तरी ती बोलत राहिली. साहेबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मायेनं विचारलं, "आणि मग, बाई, तुमच्या सुनेवर तशी वेळ आली तेव्हा?"

"तेव्हा मी डॉक्टरांना सांगितलं," चाखणबाई त्याच ओघात म्हणाली, "माझ्या सुनेला कापू द्यायची नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणाऱ्या हातांच्या मागे तिला सुनेचा चेहरा दिसला. सून टाळ्या वाजवत नव्हती.

परतीच्या वाटेवर सून बांधावरून पुढे चालत होती. वाफ्यांत ढग दिसत होते. अर्धी वाट झाल्यावर ती मागे न बघता म्हणाली, "डॉक्टर तेव्हाच करणार होते?"

"हो."

"आणि तुम्ही नको म्हणालात."

"तू शुद्धीवर नव्हतीस, पोरी. कुणाला विचारणार?"

"नंतर होते," सून म्हणाली. "चार वर्षं होते. रोज तुमच्या शेजारी बसून जेवत होते."

चाखणबाईनं "मी माझ्यावरून…" एवढं म्हटलं आणि पुढचं गिळलं. सून थांबली. ती रडत नव्हती.

"त्यांनी तुम्हाला विचारलं नाही म्हणून तुम्ही जन्मभर रडलात, आई. आणि मला तुम्ही विचारलं नाहीत."

त्यानंतर घरी पोचेपर्यंत दोघींनी पायांकडे बघितलं. सून तिला पूर्वीसारखंच आई म्हणत राहिली, ताटात भात वाढत राहिली, पायाला तेल लावून देत राहिली. काही कमी केलं नाही. चाखणबाईला ते पायाला लागणारे हात सोसेनात.

अर्जाचं उत्तर आठ दिवसांनी आलं. साहेबांच्या माणसानं मुकादमाच्या हाती चिठ्ठी दिली, मुकादमानं ती मोठ्यानं वाचली. नियमात बसत नाही. खाली साहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं की आपलं भाषण फार चांगलं झालं, पुढच्या मेळाव्याला गाडी पाठवू. मुलानं चिठ्ठी घेतली, घडी घातली, काय करावं हे न सुचून पुन्हा उलगडली.

चार आठवडे भरले त्या दिवशी नर्सबाई स्वतःच आगरावर आली. तिलाही राहवलं नसावं. सून पंपाच्या खोलीत गेली आणि पट्टी घेऊन बाहेर आली. ती, मुलगा आणि नर्सबाई त्या पट्टीवर वाकली. चाखणबाईला जवळचं दिसत नव्हतं, ती त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत राहिली.

"एकच रेघ," नर्सबाई म्हणाली. "नाही. काही नाही."

मुलगा मटकन बांधावर बसला. सुनेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, सगळ्यांदेखत, आणि काढला नाही. चाखणबाईच्या छातीवरून पोत्यांची थप्पी उतरावी तसं झालं. नर्सबाईनं जाताना सांगितलं, "आज वाचलात. पण माझ्या कपाटाची दोरी तशीच आहे, विसरू नका." कुणी ऐकलं, कुणी नाही.

त्या दिवशी कित्येक आठवड्यांनी ऊन पडलं. दांताळी मधोमध नीट भेटली. अकराला सुट्टी झाली तेव्हा मुलगा घरी जेवायला आला आणि जेवून खोपीकडे गेला नाही. म्हणाला, "जरा पाठ टेकतो." सुनेनं वाळत घातलेली चटई आत नेली. चाखणबाईनं पोती आणि दाभण घेतलं आणि सवयीनं पंपाच्या खोलीमागे जाऊन बसली. पोत्याचा एक काठ शिवून झाला. मग घरातून ते आलं. आधी उचकी लागल्यासारखं एकदा. मग थांबून, मोकळं.

याच आवाजासाठी तिनं त्या माणसाच्या ओसरीवर दीड तास काढला होता. दाभण तिच्या बोटात घुसलं. तिच्या कानांत तो हसण्याचा आवाज राहिलाच नाही; सतरंजीवर शेजारची बाई विचारत होती, माझं झालं का गं. ती उठली, पोती तिथेच टाकली, पाय ओढत घरापाशी आली आणि उंबऱ्यावर बसली. आणि मोठ्यानं खोकली.

आतलं हसणं थांबलं.

"आई?" सुनेचा आवाज आला. "काही हवंय का? आम्ही नुसतं बोलतोय."

"बोला, बोला," चाखणबाई म्हणाली. पण उठली नाही. उठायचं तिनं ठरवलं होतं, दोनदा गुडघ्यावर हातही टेकला. आत कुणी कूस बदलली की तिचा घसा आपोआप खाकरला जाई. ऊन सरकत तिच्या पायांवर, मग मांडीवर, मग तोंडावर आलं. चारचा भोंगा होईपर्यंत ती तशीच बसून होती.

दुसऱ्या दिवशीही ती उंबऱ्यावर होती. तिसऱ्या दिवशी शेजारीण पाण्याला जाता जाता थबकली आणि काही न बोलता पुढे गेली. आतून आता बोलणंही येत नव्हतं. एकदा फळीपलीकडून सून म्हणाल्यासारखं वाटलं, "जाऊ दे, त्यांचाही जीव आहे," पण ते मुलाला म्हणाली की आणखी कुणाला, हे चाखणबाईला नीट कळलं नाही.

चौथ्या दिवशी जेवण झाल्यावर मुलानं घरी परत आणलेली वळकटी गुंडाळून बगलेत घेतली आणि बाहेर आला. उंबऱ्यावरून जाताना त्याला आईच्या अंगावरून पाय टाकायला नको म्हणून थांबावं लागलं. ती सरकली. त्यानं तिच्या तापलेल्या कपाळाला हात लावून बघितला.

"उन्हात बसू नकोस, आई," तो म्हणाला, आणि खोपीकडे चालू लागला.